पश्चिमेची काच

लोकांना रात्रीची भीती वाटते, मला दुपारची वाटते. त्यातही नवतप्यातल्या दुपारची. साठीला टेकलेल्या माणसाने हे चारचौघांत कबूल करावं की नाही, मला ठाऊक नाही. पण आज रोहिणी लागली, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस बसले, आणि सकाळी आठ वाजता अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय पडला तसा मी उलट्या पावली घरात आलो.

आमच्याकडे नवतप्यासाठी पंचांग बघावं लागत नाही. गोंदियाकडच्या आमच्या गोरेगावचा बाजार दहाच्या आत उरकायला लागतो. एसटी थांबते, दार उघडतं, कोणी उतरत नाही, दार लागतं. मोटारसायकलवाले डोक्याला दुपट्टा असा गुंडाळतात की सख्खा भाऊ समोरून गेला तरी ओळखू येऊ नये. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवल्याशिवाय बायको बाहेर पडू देत नाही. गावातली कुत्री बोडीच्या उरल्यासुरल्या चिखलात जाऊन बसतात आणि माणसांकडे अशी बघतात, जणू म्हणतात, तुम्हाला एवढीही अक्कल नाही का? बारा ते पाच या वेळात गाव मेल्यासारखं पडलेलं असतं. पानही हलत नाही. त्या शांततेत मला अजूनही एक आवाज ऐकू येतो. तो आवाज चार वर्षांपूर्वीच्या नवतप्यातला आहे.

आधी त्या खिडकीचं सांगतो, म्हणजे माझा शहाणपणा कळेल.

आमचं जुनं घर मातीचं होतं. हातभर जाड भिंती, वर कवेलूचं छप्पर, आणि खिडक्या एवढ्याशा की त्यातून मांजर जाताना अंग चोरून जाई. वडील म्हणत, "घराले डोरे लहान पायजेत." घराच्या त्या बारीक डोळ्यांची मला लाज वाटायची. गोरेगावात बियाणं-खताचं दुकान जमलं, चोरखमारा तलावाच्या नहराच्या पाण्यावर धानही बरं पिकत होतं, तसं मी नवं घर काढलं. नागपूरच्या एका नातेवाइकाकडे जमिनीपासून छतापर्यंत काच असलेली खोली पाहून आलो होतो. तेव्हापासून ती डोक्यात बसली होती. आणि ती काच मला पश्चिमेलाच हवी होती, कारण पश्चिमेला आमची बोडी आहे. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारा लहान तलाव. आम्ही कोहळी, तलाव बांधणारी माणसं. माझ्या पणज्याने गावकऱ्यांना हाताशी धरून ही बोडी खणली, भोवती मातीची पाळ घातली. सोफ्यावर बसावं, चहा घ्यावा आणि पणज्याचं पाणी बघावं, एवढीच हौस.

गवंडी म्हणाला, "भाऊ, पश्चिमेले एवढी मोठी काच कायले लावून रायले? तपन सारी घरात येईन ना!"

मी म्हणालो, "तू ईट लाव, ईट. मले बोडी दिसली पायजे."

हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते. ज्या पणज्याने चार दिशांचा उतार नुसत्या डोळ्यांनी जोखून पाळ घातली, त्याच्या पणतवाला सूर्य कुठे मावळतो एवढंही सुचलं नाही. पहिल्याच मे महिन्यात ती खोली भट्टी झाली. मग आम्ही दुपारी पडदे ओढून तिचं दार लावून घेऊ लागलो आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत कूलरपुढे पडू लागलो. पाहुणे आले की संध्याकाळी काच दाखवायची. असे दोन उन्हाळे निघाले. तिसऱ्या उन्हाळ्यात आमची प्रणाली पहिल्या बाळंतपणाला आली.

तिला दिलेलं सडक अर्जुनीला. हमरस्त्यावरचं घर, दिवसरात्र ट्रकांची घरघर. तिथे झोप होणार नाही, माहेरी शांतता आहे, म्हणून सातवा संपताच आणली. आठव्या महिन्यातच पोट दुखायला लागलं. गोंदियाच्या दवाखान्यात मुलगी झाली. पावणेदोन किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मी बाहेरच्या काचेला नाक लावून बघत होतो. तळहाताएवढी छाती, आणि ती हलतेय की नाही हे मला काही केल्या कळेना. सातव्या महिन्याचं लेकरू जगतं, आठव्याचं जगत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. तसं काही नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा समजावलं. मी मान डोलावली. भीतीला काय, तिला कुठे शिक्षण असतं?

बाळ पेटीतून बाहेर आलं तेव्हा मे महिना अर्धा झाला होता. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला अजून स्वतःच्या अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. फार गरम नको, फार गार नको. कूलरचा ओला वारा अंगावर नको. छातीशी धरा, आणि खोली सांभाळा." बाळ सांभाळा म्हटलं असतं तर समजलो असतो. खोली सांभाळा? घरात स्लॅबची, मोठी, आतच न्हाणी असलेली खोली एकच होती. काचेची.

तिथे एसी बसवला. पण तो दिवसभर नुसता धापा टाकायचा. यंत्र उष्णता उपसून बाहेर फेकत होतं आणि काच तेवढीच परत आत ओतत होती. फुटक्या पाळीच्या तलावात पाणी भरण्याचा प्रकार. दुपारी दोननंतर ऊन फरशीवरून पुढे सरकायला लागे. मी जमिनीवर खडूने रेघ ओढून ठेवली होती, ऊन कुठवर येतं त्याची. भिंतीवर एक तापमान दाखवणारं यंत्र टांगलं होतं. दुकानात गिऱ्हाईक युरियाचं विचारायचं आणि मी घरी फोन लावायचो, "किती दाखवते?" बायको, सुनंदा, म्हणायची, "अजी, पाच मिन्टं नाही झाले इचारून. काय होऊन रायलं तुमाले?"

मला काय होऊन राहिलं होतं ते मलाच कळत नव्हतं. प्रणाली बाळाला छातीशी धरून डुलकी घ्यायची तेव्हा मी दारात उभा राहून बाळाचे श्वास मोजायचो. तिला जाग यायची. "बाबा, काऊन उभे हा इथं? झोपू द्या ना थिले." मी जायचो, परत यायचो.

गोंदियाचे काचवाले अशोकभाई यांना मी तेव्हा बोलावलं. पन्नाशीचा, पान खाणारा, एकट्यानेच काम करणारा माणूस. खोलीत आले, काचेवर हात ठेवला आणि लगेच काढला. "दादा, ये तो चूल्हा है. फिल्म लगा देता हूँ. धूप बाहर, ठंडक अंदर. एसी को भी थोड़ा आराम मिलेगा."

त्यांचं काम मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. आधी त्यांनी काच आतून पात्याने खरवडून स्वच्छ केली. मग साबणाच्या पाण्याचा फवारा. मग चंदेरी, काळसर झाक असलेला तो पातळ कागद त्यांनी वरून खाली सोडला, आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी लोटत नेलं. एक बुडबुडा राहू दिला नाही. काम चाललं होतं तेव्हा त्यांनी पान तोंडात घेतलं नाही, बाळ आहे म्हणून. निघताना म्हणाले, "महीना भर पानी मत मारना इसपे."

फिल्म आतून लावलेली. म्हणजे आतून पाणी मारायचं नाही. मी असाच अर्थ घेतला. कोणीही असाच घेतला असता, असं मी चार वर्षं स्वतःला समजावत आलो आहे.

त्या दुपारी खोलीत चमत्कार झाला. दोन वाजता संध्याकाळचा उजेड पडला. खडूच्या रेघेवर ऊन आलं, पण पिठासारखं मऊ. एसी थोडा वेळ चालायचा आणि गप्प व्हायचा. भिंतीवरचा आकडा खाली आला. प्रणाली इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. काचेतून बोडी दिसत होती, जरा ढगाळलेली, आषाढात दिसते तशी. आणि बाहेरून ती काच म्हणजे आरसा. एक बुलबुल येऊन स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसायचा. बाहेरून आतलं मात्र काही म्हणजे काही दिसत नसे. आता तिथे ऊन भाजत नाही आणि उजेड चांगला म्हणून सुनंदाने बाळाचा पाळणा खिडकीजवळ सरकवला. मीच धरू लागलो.

बाळाचं नाव तोवर परी पडलं होतं. दोन किलोच्या वर गेली होती. मी दुकानातून फोन करणं कमी केलं. भीती गेली असं वाटलं. ती गेली नव्हती, दडी मारून बसली होती.

उष्णता कुठे जाते? आमच्या घराण्यात पाण्याबद्दल हा प्रश्न लहानपणीच विचारला जातो. पाणी अडवलं की ते जिरत नाही, पाळीवर चढतं. पाळ धरते तोवर धरते. म्हणून जादा पाणी निघून जायला आधी सांडवा बांधायचा आणि मग पाळ. हे मला वडिलांनी हात धरून शिकवलं होतं. पण खोलीत येणारं ऊन काचेवर अडवलं, तर ते कुठे चढून बसेल, हे मला सुचलं नाही. एकदा मी आतून काचेला बोट लावलं होतं. चटका बसला. मी मूर्खासारखा खूश झालो, की बघा, काच स्वतः भाजते पण परीला भाजू देत नाही.

नवतप्याचा सहावा दिवस. बाराला लाईन गेली.

लाईन जाते आणि येते, त्यात नवल नाही. पण दोन वाजले, तीन वाजले. वायरमन म्हणाला, गोरेगावकडेच काही जळलंय. एसी बंद, पंखा बंद. भिंतीवरचा आकडा मुंगीच्या पावलाने वर जायला लागला. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो. चार वाजता सुनंदा पाळण्यापाशी वाकली. "अजी, आंग तपून रायलं वाटते पोरीचं. पाहा बरं हात लावून."

मी हात लावला. परी लाल झाली होती आणि ओठ कोरडे. प्रणालीने पाजायला घेतलं, पण ती नीट ओढेना. ओल्या फडक्याने पुसलं, पदराने वारा घातला, तेव्हा तिचा डोळा लागला. प्रणाली घामाने निथळत होती. "दोन तांबे आंगावर घेऊन येतो, मंग दवाखान्यात निघू," म्हणाली आणि न्हाणीत गेली. सुनंदा साखर-मिठाचं पाणी करायला चुलीकडे गेली. मी जावयाला फोन केला, गाडी आण म्हणून. तो म्हणाला, पाऊण तास लागेल.

पाऊण तास! माझी पाचावर धारण बसली. हातपाय हलवल्याशिवाय मला राहवेना. आणि आमच्या माणसांना घाबरल्यावर एकच गोष्ट येते. पाणी. धान पिवळं पडलं, पाणी सोड. बैल तापला, पाणी टाक. घर तापलं, पाणी मार. नवतप्यात गावातलं घर न् घर दिवस मावळला की भिंतींवर पाणी मारतं, भिंती चर्र करतात, मातीचा वास सुटतो. मी मावळण्याची वाट पाहिली नाही. विहिरीवर गेलो. आमच्या विहिरीचं पाणी नवतप्यातही दात वाजतील असं गार. दोन बादल्या काढल्या आणि पश्चिमेला आलो.

ऊन पूर्ण काचेवर होतं. भिंतीवर एक बादली मारली. चर्र झालं, बरं वाटलं. मग दुसरी बादली उचलून काचेपुढे उभा राहिलो. आरशात मी मलाच दिसलो, धोतर खोचलेला, डोळे वटारलेला एक म्हातारा, हातात बादली. मी ती सगळी एकदम फेकली.

टण्.

एवढाच आवाज. बंदुकीसारखा नाही, काही नाही. एखाद्या पितळी भांड्यावर कोणी नख मारावं तसा. आणि आरशातला म्हातारा वरपासून खालपर्यंत चिरला. एक चीर, मग तिच्यातून दुसरी, मग झाडाच्या फांद्यांसारख्या सगळीकडे. त्या काचेमागे हातभर अंतरावर पाळणा होता. मला आतलं काही दिसत नव्हतं. मला फक्त मी दिसत होतो, दहा तुकड्यांत.

मी कान दिला. बाळ रडलं असतं तर मी देवाला नारळ बोललो असतो. बाळ रडलं नाही.

खिडकीपासून दारापर्यंत घराला वळसा घालून यायला किती वेळ लागतो? वीस-पंचवीस पावलं आहेत, मी नंतर मोजली. त्या पावलांत मी काय काय पाहिलं ते इथे लिहिणार नाही. लिहिण्याचा प्रयत्न केला, हात चालत नाही. वाटेत सुनंदा होती, तिच्या बाजूने तसाच पुढे धावलो.

आत गेलो. काच उभी होती. शंभर तुकडे झालेली, पण सगळे तुकडे त्या चंदेरी फिल्मला आतून चिकटून राहिलेले. एक कणही खाली नव्हता. पाळण्यात परी झोपली होती. तोंड उघडं, मुठी वळलेल्या. तिची छाती हलताना मी पाहिली आणि तिथेच फरशीवर बसलो.

मागून सुनंदा आली. तिने काच पाहिली, मला पाहिलं, माझं भिजलेलं धोतर पाहिलं. पाळणा ओढून भिंतीकडे नेला. मग बाहेर गेली. खिडकीतल्या चिरांमधून मला तिच्या लुगड्याचा रंग हलताना दिसला. ती बादली उचलून विहिरीकडे नेत होती. विहिरीवर तिने ती पालथी घातली. प्रणाली न्हाणीतून बाहेर आली तोवर भिंत वाळली होती. नवतप्यात ओलं असं काय राहतं?

परी बरी झाली. गोंदियाला दोन दिवस ठेवली, पाणी कमी पडलं होतं, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी अशोकभाई आले. सगळे उभे होते, परीला छातीशी घेतलेला मी, जावई, प्रणाली, शेजारचे दोघे. अशोकभाईंनी काचेच्या कडा बघितल्या, चौकट बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "किसी ने पानी मारा क्या, दादा?"

चोराच्या मनात चांदणं. मी लगेच म्हणालो, "नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या परीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो फिर काँच में ही कुछ होगा. मेरी जिम्मेदारी है." जावई त्यांना बरंच बोलला. लहान बाळाच्या घरात असला माल लावता म्हणून. ते मान खाली घालून ऐकत होते. मीही ऐकत होतो. त्या घरात तेव्हा खरं सांगायची जबाबदारी एकाच माणसाची होती आणि त्याने घसा खाकरला, बस.

मी का खोटं बोललो? अब्रूसाठी नाही. लोक हसले असते तर हसले असते. मला प्रणालीची भीती वाटली. लेकीला कळलं असतं की तिच्या बाळावर काच फोडणारा तिचा बाप आहे, तर ती परीला परत माझ्या घरात आणती का? माझ्या हातात देती का? परीला बघायला मिळणार नाही, या एका भीतीपायी मी एका सरळ माणसाला उन्हात उभं केलं.

खोट्याला पाय फुटले. अशोकभाईच्या फिल्मने काच फुटते, असं गावात झालं. आमच्या शाळेच्या दोन वर्गांना तीच फिल्म लावायची ठरत होती, पोरं भाजतात म्हणून. ते राहिलं. त्या वर्गांसमोरून दुपारी जाताना मी आजही पलीकडच्या बाजूला बघत जातो.

आणि तो माणूस दिवाळीनंतर स्वतःहून परत आला. नागपूरहून दुहेरी काच बनवून आणली होती, कडक भाजलेली, मध्ये हवेची फट आणि त्या फटीच्या आत डोळ्यांना न दिसणारा मुलामा. म्हणाले, ही उन्हाळ्यात ऊन आत येऊ देत नाही आणि थंडीत घरची ऊब बाहेर जाऊ देत नाही. मी विचारलं, मुलामा आहे हे कशावरून, आणि नेमका कुठल्या बाजूला? दुधाने पोळलेला मी, आता ताक फुंकणारच. त्यांनी आगपेटी काढली, काडी ओढली आणि ज्योत काचेजवळ धरली. काचेत चार ज्योती दिसल्या, एकामागे एक. तीन पिवळ्या, आणि बाहेरून दुसरी जराशी लालसर. "जिसका रंग अलग, वहाँ परत है. धूप पहले ही दरवाजे पे रुक जाती है." काडी बोटापर्यंत जळेस्तोवर त्यांनी धरून ठेवली, मला नीट दिसावं म्हणून. मी ज्योतींकडे बघत राहिलो. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

त्या डिसेंबरात धुकं पडलं, बोडीवर वाफ निघत होती, आणि खोलीत परी उघड्या पायांनी रांगत होती. खोली सांभाळली गेली होती. सुनंदा म्हणाली, "चांगली काच लावली बापा थ्या मानसानं." त्या बादलीबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

आता जिकडेतिकडे काचा झाल्या आहेत. गोंदियात नव्या इमारतींना निळ्या काचा, सडक अर्जुनीला ढाब्यांनाही काळ्या काचा. उन्हात त्या चकाकतात. लोकांना त्यात स्वतःचे भांग दिसतात. मला वाटतं, हिच्यामागे कोणी झोपलं असेल का? एकदा ढाब्यावरचा एक माणूस दुपारी काचेवर पाण्याचा पाइप धरणार होता. मी गाडी थांबवून ओरडत धावलो. तो मला वेडा समजला. समजू दे.

आज सकाळी प्रणाली आली, परीला घेऊन. प्रणालीचं गोंदियात आठवडाभराचं प्रशिक्षण आहे, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. "पोरीले ठेवून जातो बाबा. तुमाले त्रास देईन थोडी." चार वर्षांची परी धावत काचेकडे गेली. आम्ही चहा घेत बसलो होतो. तिने बाहेरच्या उन्हाकडे बघत काचेला हात लावला आणि म्हणाली, "काचेले गर्मी होऊन रायली." मग आपल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळं पाणी काचेवर फेकलं.

काही झालं नाही. ही काच असल्या पाण्याला भीक घालत नाही, आणि पाणी आतून पडलं होतं. पण मी असा ओरडलो की कप पडला. परीचा हात मी इतक्या जोरात ओढला की ती भेदरून रडायला लागली. सुनंदा तिला उचलून आत घेऊन गेली.

प्रणाली म्हणाली, "काऊन वरडले एवढे? पानीच तं होतं."

मी सांगितलं. बसल्या जागेवरून, फुटलेल्या कपाकडे बघत, सगळं सांगितलं. विहीर, बादली, अशोकभाईंना दिलेलं उत्तर. शेवटी म्हणालो, "आता तुले ठेवावंसं वाटत असन तं ठेव. नायतर घेऊन जा."

ती उठली. परीची पिशवी सोफ्यावर होती, ती तिने खांद्याला लावली. मला वाटलं, संपलं. ती दारापर्यंत गेली. तिथे उभी राहून तिने फोन काढला, नंबर शोधला, लावला आणि परत येऊन माझ्या हातात दिला. "अशोककाका हायेत. सांगा त्यायले. मंग पाहू."

मी फोन कानाला लावला. पलीकडून दोनदा हॅलो आलं. मग मी म्हणालो, "अशोकभाई, त्या दिवशी पाणी मीच मारलं होतं."

पलीकडे त्यांच्या हाताखाली काच कापण्याचा किरकिर आवाज चालू होता, तो थांबला.

"मालूम था, दादा," ते म्हणाले. "काँच पे कुएँ के पानी के सफेद दाग सूख गए थे. लेकिन आप बच्ची को गोद में लिए खड़े थे, और उसे ऐसे पकड़ रखा था आपने... मैंने सोचा, इस आदमी को आज और क्या बोलना."

मी म्हणालो, मी शाळेत जाऊन सांगतो, गावात सांगतो, आजच सांगतो. ते म्हणाले, "बता दीजिए. इतने दिनों में दो-चार काम तो गए मेरे." राग होता त्या आवाजात, असायलाच हवा होता. मग म्हणाले, "बच्ची कैसी है?"

मी फोन प्रणालीपुढे धरला. प्रणालीने फोन माझ्या हातातून घेतला. "चांगली हाय काका. चार वर्साची झाली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खांद्यावरची पिशवी तिने काढली आणि माझ्या दोन्ही हातांत दिली. कपडे, बाहुली, औषधाची बाटली. "सहाच्या आधी बाहेर काढजा नोको थिले," ती म्हणाली. "आन् पानी पाजत राहजा."